दप्तर तेच, दप्तरदार नवा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'प्रणाली अद्ययावत करण्याचे काम सुरू असल्यामुळे सेवा तात्पुरती बंद राहील.' अशी सूचना हल्ली बँकेत, तलाठी कार्यालयात, रेशनच्या दुकानात आपल्याला अधूनमधून भेटते. आपण चार शब्द पुटपुटतो आणि परत फिरतो. दुसऱ्या दिवशी काम सुरू झालेले असते. नाव जागेवर असते, शिल्लक जागेवर असते. मधल्या रात्रीत काय घडले, हे आपण विचारत नाही. घडलेले असते ते असे, की आपले नाव सांभाळणारा कारकून त्या रात्री बदललेला असतो. जुना गेला, नवा आला, आणि तरी आपले नाव हलले नाही. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. वाटते तितकी नवीही नाही. आपल्या मुलखात हे काम कित्येक शतके चालू आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. संगणकशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण दप्तर म्हणजे काय, हे द्रोणागिरीत राहणाऱ्याला कळावेच लागते. इथे ज्याच्या त्याच्या तोंडी सातबारा, फेरफार, संपादन आणि साडेबारा टक्के हेच शब्द असतात. म्हणून दप्तराच्याच भाषेत ही गोष्ट सांगतो.

संगणकवाले ज्याला डेटाबेस म्हणतात ते आपले दप्तर. त्यात माणसांची नावे, रकमा, तारखा, जमिनी. आणि डेटाबेस सर्व्हर म्हणजे त्या दप्तरावर बसलेला दप्तरदार. कोणता कागद कोणत्या रुमालात, कोणता रुमाल कोणत्या फडताळात, कोणाला काय दाखवायचे आणि कोणाला नाही, हे त्याला ठाऊक. आपण नाव सांगायचे, त्याने कागद काढून द्यायचा. हा दप्तरदार म्हणजे माणूस नव्हे, एक आज्ञावली. तिच्या नव्या नव्या आवृत्त्या निघतात. नवा दप्तरदार अधिक चपळ असतो, चोरांपासून अधिक सावध असतो. जुन्याला काही वर्षांनी निवृत्त करावेच लागते, कारण त्याच्या चुका दुरुस्त करणारे कोणी उरत नाही.

आता नवा दप्तरदार आला की जुन्या दप्तराचे काय करायचे? मार्ग दोन. पहिला मार्ग म्हणजे सगळे कागद बाहेर काढायचे, नव्याच्या पद्धतीने पुन्हा लिहून काढायचे आणि नव्या फडताळात लावायचे. दुसरा म्हणजे रुमालांना हात लावायचा नाही. फक्त सूची नवी करायची आणि किल्ल्या नव्या माणसाच्या हाती द्यायच्या.

पहिल्या मार्गाचा त्रास किती, याचे एक उदाहरण देतो. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर या प्राध्यापकांनी १९८६ साली पोस्टग्रेस नावाचा दप्तरदार घडवायला घेतला. १९९६ मध्ये त्याचे नाव पोस्टग्रेस्क्यूएल झाले. तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. जगभरची माणसे मिळून त्याची निगा राखतात आणि तो कोणालाही फुकट वापरता येतो. पण वर्षानुवर्षे त्याची एक खोड होती. मोठी आवृत्ती बदलायची तर सारा मजकूर बाहेर उपसायचा आणि नव्यात पुन्हा भरायचा. दप्तर लहान असेल तर तासाभराचे काम. मोठे असेल तर कित्येक तास, कधी त्याहून अधिक वेळ दार बंद. म्हणून कित्येक जण नवी आवृत्ती घेतच नसत. जुनाच दप्तरदार, त्याच्या खोकल्यासकट, चालवून घेत.

२००९ साली दुसऱ्या मार्गाचे एक अवजार पुढे आले आणि २०१० च्या नवव्या आवृत्तीपासून ते पोस्टग्रेस्क्यूएलबरोबरच मिळू लागले. त्याचे नाव पीजी अपग्रेड. ते ज्या एंटरप्राइझडीबी कंपनीत आकाराला आले, तिचे एक कार्यालय आपल्या पुण्यात आहे. त्यामागची युक्ती साधी आहे. आवृत्त्या बदलल्या तरी प्रत्यक्ष कागदाची आखणी, म्हणजे मजकूर चकतीवर ज्या रीतीने मांडला जातो ती रीत, फारशी बदलत नाही. बदलते ती मुख्यतः सूची. मग कागद पुन्हा कशाला लिहायचे? सूची नव्याने बांधा आणि जुने रुमाल तसेच तिला जोडून द्या. तासांचे काम मिनिटांवर आले.

पण यात तीन अटी आहेत आणि त्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, प्रत्यक्ष बदलाआधी जुने आणि नवे एकमेकांशी जुळते की नाही, याची कोरडी तपासणी करून घ्यायची. दोन, रुमालांची नक्कल न करता तेच रुमाल नव्याला जोडले आणि नव्याने एकदा काम सुरू केले, की जुन्याकडे परत जाता येत नाही. म्हणून आधी एक प्रत बाजूला हवी. आणि तिसरी गोष्ट गमतीची. नव्याला सूची मिळे, कागद मिळत, पण जुन्याचा अंदाज मिळत नसे. कोणते दप्तर जाडजूड, कोणते पातळ, कशात आधी शोधावे, हा अंदाज त्याला नव्याने बांधावा लागे. तोवर तो चाचपडे. हा अंदाजसुद्धा बऱ्याच अंशी पुढे नेण्याची सोय २०२५ मधल्या अठराव्या आवृत्तीत झाली. म्हणजे कागद हस्तांतरित करणे जमल्यावर जाण हस्तांतरित करायला आणखी पंधरा वर्षे गेली!

आता आपल्याकडे पाहा. 'दप्तर' हा शब्दच बघा. मूळ ग्रीक भाषेत तो चामड्याचा वाचक. चामड्यावर लिहीत, म्हणून लिहिलेल्यालाही तेच नाव. तिथून तो फारसीत आला आणि फारसीतून मराठीत. आमच्या घरात 'दफ्तर' म्हणत, शेजारच्या घरात 'दप्तर'. अर्थ दोन्ही घरांत एकच. दख्खनच्या सुलतानांच्या काळात राज्यकारभाराच्या वरच्या पायऱ्यांवर फारसी होती आणि गावपातळीवर पाटील-कुलकर्णी मराठीत लिहीत होते. पुढे स्वराज्य आले. दप्तरदार बदलला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. १६७४ च्या राज्याभिषेकापासून नवा शकही सुरू झाला. ही सूची नवी करणे झाले. पण गावोगावचे जुने कागद कोणी जाळले नाहीत, नव्याने लिहूनही काढले नाहीत. वतनाचा वाद आला की जुनीच सनद पुढे ठेवली जाई आणि ती वाचली जाई.

कालगणनेचे तर विशेषच. दख्खनेत शुहूर सन चालत असे. वर्ष मृग नक्षत्राला सुरू होणारे, म्हणजे शेतकऱ्याच्या सोयीचे. पण आकडे अरबी शब्दांत लिहायचे. पेशवाईतल्या कागदांवरही हाच सन येतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. त्यात वर्षाच्या पूर्वार्धासाठी ५९९ आणि उत्तरार्धासाठी ६०० मिळवले की इसवी सन येतो. पानिपतची लढाई जानेवारी १७६१ मधली, म्हणजे याच सालातली. ज्या दप्तरात पानिपतचा हिशेब आहे, त्याच दप्तराच्या तारखा अरबी शब्दांत आहेत. कारकुनांना त्यात काही वावगे वाटले नाही. मागच्या शंभर वर्षांचे वसुलाचे कागद त्या सनात होते. सन बदलला असता तर मागचा-पुढचा हिशेब जुळवताना रयतेचाच घोळ झाला असता.

तीच गोष्ट नावांची. जुन्या कागदांत 'रामा बिन गोमा' अशी नावे सर्रास दिसतात. बिन म्हणजे मुलगा, शब्द अरबी. पण तो रामाच्याही नावात आहे आणि रहिमानच्याही. पुढे तो शब्द गळला. 'रामा गोमा' एवढेच राहिले. पण आधी स्वतःचे नाव आणि मग बापाचे, हा क्रम आजच्या सातबाऱ्यावरही तसाच आहे. शब्द गेला, जागा राहिली.

पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी पुण्याचे दप्तर नष्ट केले नाही, जपले. त्यात आपुलकीपेक्षा गरज अधिक होती. कोणाला काय इनाम आहे, कोणाचा वसूल किती, हे त्या कागदांवाचून कळणार कसे? १८५२ नंतर इनाम कमिशनने लोकांच्या इनामांची छाननी केली ती याच दप्तराच्या आधाराने, आणि कित्येकांची इनामे गेलीही. दप्तर जपले म्हणजे दप्तरातल्या माणसाचे भले झाले, असे नव्हे. नवा दप्तरदार जुना कागद कोणत्या हेतूने उघडतो, यावर बरेच अवलंबून असते.

आणि काही वेळा पहिला मार्ग, म्हणजे सगळे नव्याने लिहिणे, हाच योग्य ठरतो. जुन्या मोजणीत बिघे, चाहूर अशी मापे, गावागणिक काठी वेगळी. इंग्रजांनी प्रिंगल या अधिकाऱ्याकडून पुणे भागात पहिली मोठी पाहणी करवली. ती फसली, आकारणी इतकी जड झाली की शेतकरी जमिनी टाकून गेले. मग १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणी पुन्हा केली. शेताला क्रमांक दिला, हद्दीला दगड लावला, जमिनीची प्रत ठरवली. आपण आज ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो तो इथून आला. इथे सूची बदलून भागले नसते, कारण कागदाची आखणीच बदलायची होती. पण पहिल्या फसलेल्या प्रयोगाची किंमत मोजली ती रयतेने, हेही ध्यानात असू द्यावे.

स्वातंत्र्यानंतरचे दोन बदल माझ्या पिढीच्या वडीलधाऱ्यांनी अनुभवले. १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. नंतर एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले. कोणी पुन्हा शेत मोजले नाही, पुन्हा आकारणी केली नाही. जुना आकडा घेतला आणि नव्या मापात लिहिला. पण एका आण्याचे होतात सव्वासहा पैसे, आणि सव्वासहाचे नाणे नसते. म्हणून एक आण्याचे सहा पैसे धरले, तीन आण्यांचे एकोणीस. कुठे पाव पैसा गेला, कुठे पाव पैसा आला. रूपांतर कितीही सचोटीने करा, काठावर थोडे सांडतेच. ते कोणाच्या पदरातून सांडते, एवढेच पाहायचे.

आता द्रोणागिरीकडे येतो. उरणचा हा भाग दप्तरदार बदलण्यात मुरलेला आहे. द्रोणागिरीच्या डोंगरावर पोर्तुगिजांनी किल्ला ठेवला, तो मराठ्यांकडे गेला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने करंजा बेट इंग्रजांकडे पक्के झाले, म्हणजे पेशवाई बुडण्याच्या कितीतरी आधी. जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, ते १९८१ पासून रायगड झाले. डोंगर तिथेच, खाडी तिथेच, खारीची भातशेती आणि मिठागरे तिथेच.

मग १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. हा सगळ्यात मोठा बदल. बोकडवीरा, फुंडे, डोंगरी, पाणजे, नवघर, पागोटे, भेंडखळ या गावांच्या परिसरात 'द्रोणागिरी' नावाचे उपनगर कागदावर उभे राहिले. सर्व्हे नंबरांवर सेक्टर आणि भूखंड क्रमांक आले. डोंगराचे नाव उपनगराला मिळाले आणि गावांची नावे हळूहळू पत्त्यातून मागे सरकू लागली.

इथे दप्तराची खरी परीक्षा झाली. मिळणाऱ्या मोबदल्याविरुद्ध शेतकरी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. ज्याची जितकी जमीन गेली, त्याच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड त्याला परत. आता हा हक्क कोणाचा, हे कशावरून ठरणार? संपादनाच्या वेळच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव होते, त्यावरून. म्हणजे नव्या शहरातला सेक्टरमधला भूखंड मिळवायचा, तर जुन्या गावाच्या दप्तरातली ओळ दाखवायची. आजोबांचे नाव एका कागदावर 'गणू' आणि दुसऱ्यावर 'गणपत' असेल, बहिणीचे नाव वारस म्हणून लागलेच नसेल, कुळाची नोंद राहून गेली असेल, तर नातवाला चकरा. शेत केव्हाच गेले. उरली आहे ती एक ओळ, आणि त्या ओळीवर एका घराचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे. म्हणून दप्तराचा विषय इथे कोणाला रुक्ष वाटत नाही.

शेजारच्या शेव्याचेही पाहा. बंदरासाठी शेवा गावाला उठून दुसरीकडे वसावे लागले. १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. बंदराला नेहरूंचे नाव आहे, पण जगभरच्या जहाजांच्या कागदपत्रांवर आजही 'न्हावा शेवा' असेच लिहितात. गाव जागेवरून गेले, नाव सूचीत राहिले. याला सांत्वन म्हणावे की थट्टा, हे ज्याने त्याने ठरवावे.

सातबाऱ्याच्या संगणकीकरणाची सुरुवात देशात १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत प्रायोगिक पातळीवर झाली. त्यात महाराष्ट्रातला वर्धा जिल्हा होता. पुढे राज्यभर हस्तलिखित सातबारे पाहून संगणकात भरले गेले. हा पहिला मार्ग, सगळे पुन्हा लिहिण्याचा. दुसरा मार्ग उपलब्धच नव्हता, कारण कागदावरून संगणकाला थेट वाचता येत नव्हते. आणि पुन्हा लिहिताना जे होते तेच झाले. कुठे काना गेला, कुठे क्षेत्राचा दशांश सरकला, कुठे एखादे नाव राहिले. हाती लिहिलेल्या सातबाऱ्यात एक शहाणपण होते. कमी झालेले नाव खोडून काढत नसत, त्याला कंस करत आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहीत. त्यामुळे कोण होते, केव्हा गेले, कशाने गेले, हे मागे जाऊन पाहता येई. संगणकात भरताना अशा खुणा सगळ्याच ठिकाणी नीट उतरल्या नाहीत.

यावर २०१७ साली जो उपाय योजला तो मला फार आवडला. चावडीवाचन. संगणकावरचा सातबारा गावात सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा, हाती लिहिलेल्याशी ताडून पाहायचा, आणि ज्याला हरकत असेल त्याने ती सांगायची. इतके आधुनिक यंत्र, आणि त्याची तपासणी गावच्या चावडीवर, माणसांच्या कानांनी! २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, त्याच्या पाठीशी ही तपासणी आहे. आज हे दप्तर संगणकात असल्यामुळे त्याचा दप्तरदार पुढेही बदलत राहणार. पुन्हा ती सूचना लागणार, पुन्हा एक रात्र सेवा बंद राहणार.

एक इशारा मात्र याच इतिहासात आहे. रुमाल जागेवर ठेवले म्हणजे काम संपले नाही. नव्या दप्तरदाराला ते वाचता आले पाहिजेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी लिपी व्यवहारातून गेली. कागद राहिले, वाचणारे गेले. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गावोगावी शोधाशोध झाली. त्या प्रश्नाच्या राजकारणात मी जात नाही. पण कपाटात असलेला कागद वाचता येत नाही म्हणून नसल्यासारखा होतो, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. संगणकाच्या फितींचे आणि फाँटांचेही तेच. पंचवीस वर्षांपूर्वी एखाद्या खास मराठी फाँटात साठवलेला मजकूर आज उघडला, तर समोर निरर्थक चिन्हांची रांग येते. मजकूर तोच, वाचणारा बदललेला.

तेव्हा शतकांच्या या अनुभवातून तीन साध्या गोष्टी हाती लागतात. दप्तरदार खुशाल बदला, पण नव्याची खात्री पटेपर्यंत जुने रुमाल फेकू नका. बदल झाल्यावर ज्यांची नावे आहेत त्यांना ती वाचून दाखवा. आणि जुनी लिपी, जुनी मापे, जुन्या खुणा जाणणारा एक तरी माणूस पदरी ठेवा. मोठमोठे अभियंते आज संगणकासाठी जे नियम सांगतात, ते याहून फार वेगळे नाहीत. राज्ये बदलली, सन बदलले, मापे आणि नाणी बदलली. तरी कुठल्याशा रुमालात 'रामा बिन गोमा' अजून आपल्या सव्वा एकरावर उभा आहे. त्याचा नातू विचारायला आला, तर ती ओळ सापडली पाहिजे.